तुटलेल्या ॲक्सलचा माग

अमेरिकेतील मिझुरी राज्यात, सेंट लुईस शहराच्या परिसरात बांधकामाची कामे करणारे बॉब चँडलर यांनी १९७४ मध्ये फोर्ड कंपनीचा एफ-२५० हा पिकअप ट्रक खरेदी केला. चारही चाकांना इंजिनाची शक्ती पोहोचवणारे हे दणकट वाहन होते. सुट्टीच्या दिवशी कुटुंबासह चिखलात, ओढ्यांत आणि आडवाटांवर ते चालवावे, एवढाच त्यामागील हेतू होता. परंतु प्रत्येक भटकंतीनंतर ट्रकचा कोणता ना कोणता भाग तुटू लागला. सुटे भाग जवळपास मिळत नव्हते आणि या प्रकारच्या वाहनाची जाण असलेले गॅरेजही सहजी सापडत नव्हते. चँडलर यांना दुरुस्ती स्वतःच करावी लागली. पुढच्याच वर्षी, १९७५ मध्ये, पत्नी मॅरिलीन आणि मित्र जिम क्रेमर यांच्यासह त्यांनी अशा वाहनांच्या सुट्या भागांचे दुकान व कार्यशाळा सुरू केली. बाजारात न मिळणारी वस्तू शोधता शोधता ग्राहकच दुकानदार झाल्याची उदाहरणे व्यापाराच्या इतिहासात अनेक आहेत. त्यांतील हे एक.

दुकानाची जाहिरात म्हणून तोच ट्रक रस्त्यावर फिरू लागला. नवा भाग आला की तो आधी त्याच ट्रकला बसवायचा, रानात नेऊन त्याची परीक्षा घ्यायची आणि मग ग्राहकाला विकायचा, असा क्रम पडला. चँडलर यांचा उजवा पाय ॲक्सिलरेटरवर जरा जास्तच जड पडतो आणि म्हणूनच एवढी मोडतोड होते, असे एका सहकाऱ्याने गमतीने म्हटले. त्या थट्टेतून ट्रकला नाव मिळाले - ‘बिगफूट’.

मोडतोडीचे खापर चालकाच्या पायावर फोडणे सोपे होते. यंत्राचे गणित मात्र वेगळे सांगते. इंजिनातून निघणारे पीळबल, ज्याला तंत्रज्ञ टॉर्क म्हणतात, गिअरबॉक्समध्ये वाढते. चढ वा चिखलासाठी ट्रान्सफर केसचा ‘लो’ गिअर टाकला की पुन्हा वाढते. आणि डिफरन्शियलमधील क्राऊन-पिनियनपाशी तिसऱ्यांदा वाढते. या साऱ्या गुणाकारानंतरचे बळ ज्या पोलादी दांड्याला सोसावे लागते, तो म्हणजे चाकापर्यंत जाणारा ॲक्सल शाफ्ट. म्हणजे सर्वाधिक पीळ सर्वांत शेवटच्या दांड्याला! चिखलात चाक मोकळे फिरत असते तोवर फारसे बिघडत नाही. ते अचानक दगडावर पकड घेते, त्या क्षणी शाफ्टला हिसका बसतो आणि तो पिळवटून तुटतो.

त्यातच चाके मोठी बसवली, की संकट आणखी गडद होते. चाक जितके उंच, तितका जमिनीचा प्रतिकार लांब तरफेने शाफ्टवर येतो. चँडलर यांना अडथळ्यांवरून जाण्यासाठी उंची हवी होती आणि उंचीसाठी मोठी चाके. मोठ्या चाकांनी शाफ्ट तुटले, म्हणून जाड शाफ्टचे ॲक्सल आले. ॲक्सल टिकू लागले तेव्हा आणखी मोठी चाके बसवण्याचा मोह झाला. एक कडी घट्ट केली की ताण पुढच्या कडीवर जातो, हे तत्त्व पुस्तकात वाचून समजते. येथे ते दरवेळी रोख मोजून समजत होते.

जाडीचे महत्त्व आकड्यांतून चटकन ध्यानात येते. भरीव गोल दांड्याची पीळ सोसण्याची ताकद त्याच्या व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. व्यास केवळ सव्वापट केला, तर ताकद जवळपास दुप्पट होते; व्यास दुप्पट केला, तर आठपट. परंतु जाडी हा एकच मुद्दा नाही. हलक्या वाहनांत बहुधा ‘सेमी-फ्लोटिंग’ रचना असते: शाफ्ट चाकही फिरवतो आणि वाहनाचे वजनही पेलतो. जड वाहनांतील ‘फुल-फ्लोटिंग’ रचनेत वजन हबमार्फत ॲक्सलच्या कवचावर, म्हणजे हाउसिंगवर, पडते. शाफ्टकडे फक्त पीळ सोसण्याचे काम उरते. तो तुटला तरी चाक निखळून पडत नाही, आणि बाहेरचे बोल्ट काढून शाफ्ट जागच्या जागी ओढून बदलता येतो. महामार्गाच्या कडेला माल भरलेल्या ट्रकचा शाफ्ट असा बदलताना अनेकांनी पाहिला असेल. एका रचनेत शाफ्ट तुटणे हा अपघात ठरू शकतो, तर दुसऱ्या रचनेत ती दुरुस्ती असते.

चँडलर यांनी अखेर हात घातला तो अमेरिकन लष्कराच्या अडीच-टनी ट्रकच्या ॲक्सलना. कच्च्या वाटेवर माल वाहण्यासाठी घडवलेली ही यंत्रे आपल्या उपयोगाचा काळ संपल्यावर भंगार म्हणून विकली जात आणि हौशी कारागिरांच्या आवाक्यात येत. या ट्रकच्या ॲक्सलमधील अंतिम गुणोत्तर ६.७२ असे. साध्या पिकअपमध्ये ते साधारण चारच्या आसपास असते. वरकरणी हा क्लिष्ट तपशील. पण त्यातच सारी सोय होती. तीस इंची चाकाच्या जागी अठ्ठेचाळीस इंची चाक बसवले, तर ते एका फेऱ्यात १.६ पट अंतर कापते आणि इंजिनाला तेवढाच अधिक जोर लावावा लागतो. ६.७२ चे गुणोत्तर तो जोर जवळजवळ तंतोतंत परत मिळवून देते. म्हणजे लष्करी ॲक्सल हा केवळ जाड लोखंडाचा तुकडा नव्हता, मोठ्या चाकाचा हिशेब त्यात आधीच जुळलेला होता. शिवाय चँडलर यांनी मागच्या बाजूलाही वळणारा ॲक्सल बसवला आणि बिगफूटची चारही चाके वळू लागली.

घरच्या कार्यशाळेत असा ॲक्सल बसवणे म्हणजे जुना काढून नवा अडकवणे नव्हे. लष्करी ॲक्सलची रुंदी वेगळी, पाट्यांच्या स्प्रिंगांची बैठक वेगळी. जुनी बैठक कापून नवी वेल्ड करावी लागते. आणि ती करताना पिनियनचा कोन अंशाअंशाने जुळवावा लागतो, नाहीतर प्रॉपेलर शाफ्टचे जॉइंट थरथरून लवकर झिजतात. डिफरन्शियलचा गोळा बहुधा ओतीव असतो आणि दोन्ही बाजूंच्या नळ्या पोलादी. दोहोंचे वेल्डिंग सारख्या पद्धतीने केले, तर थंड होताना ओतकामाला तडा जातो आणि तो तडा रंगाखाली महिनोन्‌महिने दिसत नाही. वाहन उंच झाले की ब्रेकच्या नळ्या अपुऱ्या पडतात. स्टिअरिंगच्या दांड्यांचा कोन बदलतो, आणि वळणाच्या सांध्यात केलेले एक कच्चे वेल्डिंग पुरेसे असते: शाफ्ट तुटला तर वाहन थांबते, स्टिअरिंगचा सांधा तुटला तर ते थांबत नाही. हौशी माणूस बहुतेक सारी काळजी ॲक्सलची करतो. कसलेला कारागीर आधी ब्रेक आणि स्टिअरिंग पाहतो.

खर्चाची बाजूही तितकीच कठोर आहे. भंगारात स्वस्त मिळालेल्या ॲक्सलमागे स्प्रिंगा, शाफ्ट, ब्रेक, चाके, टायर आणि रात्री-अपरात्रीचे श्रम असा लवाजमा येतो. ही बेरीज विक्रीच्या वेळी वसूल होत नाही, कारण बाजार वाहनाचे मूल्य ठरवतो, मालकाच्या श्रमांचे नव्हे. चँडलर यांचा हिशेब जुळला तो एवढ्याचसाठी, की त्यांचा ट्रक दुकानाचा नमुना होता. तुटलेला प्रत्येक भाग त्यांना कोणता माल विकू नये हे शिकवत होता.

१९७९ मध्ये डेन्व्हर येथील वाहन-प्रदर्शनात बिगफूटला मानधन देऊन बोलावण्यात आले. पाहण्यासाठी लोक पैसे मोजतील, ही कल्पना नवीनच होती. १९८१ मध्ये चँडलर यांनी एका शेतात दोन मोडीत निघालेल्या मोटारी उभ्या करून त्यांवरून आपला ट्रक चालवला आणि त्याची चित्रफीत काढून दुकानात लावली. ती पाहून एका कार्यक्रम-आयोजकाने हाच प्रयोग प्रेक्षकांसमोर करण्याची विनंती केली. चँडलर कचरले. मोटारी चिरडणारे यंत्र ही प्रतिमा विध्वंसक ठरेल, असे त्यांना वाटत होते. हा संकोच समजण्याजोगा आहे. ज्या वाहनावर सात वर्षे ते न मोडण्यासाठी मेहनत घेतली, ते इतरांची वाहने मोडण्यासाठी प्रसिद्ध व्हावे, हे कोणत्या कारागिराला रुचेल? अखेर त्यांनी होकार दिला. १९८२ मध्ये एका छोट्या कार्यक्रमात आणि त्यानंतर मिशिगन राज्यातील पाँटिॲक सिल्व्हरडोम या स्टेडियममध्ये ६८ हजार प्रेक्षकांसमोर बिगफूटने मोटारी चिरडल्या. तेथे आणलेल्या दुसऱ्या बिगफूटला ६६ इंची टायर होते. हे टायर मुळात शेतात खत पसरवणाऱ्या यंत्रांसाठी, माती दबू नये म्हणून रुंद बनवलेले. ‘मॉन्स्टर ट्रक’ या नावाने जगाला माहीत झालेला खेळ येथून फोफावला.

मात्र मजबुतीची गोष्ट येथे संपत नाही. खरे तर ती येथे वळण घेते. खेळाचे स्वरूप बदलले आणि ट्रक मोटारींवरून उड्या मारू लागले. इतकी वर्षे ज्या वजनदार लोखंडाने ट्रक तारला, तेच उडीनंतर जमिनीवर आदळताना त्याचा वैरी ठरू लागले. १९८९ मध्ये आलेल्या बिगफूट-८ चा सांगाडा संगणकाच्या साहाय्याने आखलेल्या पोलादी नळ्यांचा होता आणि पाट्यांच्या जागी लांब हालचाल करणारे, नायट्रोजन वायूवर चालणारे शॉक ॲब्सॉर्बर होते. धक्का सोसण्याऐवजी तो जिरवायचा, हा नवा विचार. ॲक्सलच्या बाबतीतही अशीच युक्ती रूढ झाली: बळाचा शेवटचा गुणाकार शाफ्टच्या आधी न करता चाकाच्या हबमध्येच, प्लॅनेटरी गिअरने करायचा. शाफ्टवर येणारा पीळ त्यामुळे आपोआप कमी होतो. आपल्याकडील खाणींत राबणाऱ्या टिपरमध्ये ‘हब रिडक्शन’ म्हणून हीच रचना आढळते. शाफ्ट जाड करत राहण्यापेक्षा हे अधिक शहाणपणाचे, पण तेथवर पोहोचायला आधी बरेच जाड शाफ्ट तुटावे लागले.

आपल्या देशातही अशा वाहनबांधणीची हौस थोडी नाही. लष्कराने मोडीत काढलेल्या जीप आणि जोंगा विकत घेऊन त्यांना नवे रूप देणारे कारागीर पंजाब-हरियाणापासून दक्षिणेपर्यंत आहेत. २०१४ मध्ये गोव्याच्या भर पावसाळ्यात ‘रेनफॉरेस्ट चॅलेंज’ या स्पर्धेची पहिली भारतीय फेरी झाली, तेव्हा लाल चिखलात आणि ओढ्यांच्या उभ्या काठांवर देशभरातील अशा गाड्यांची कसोटी लागली. परंतु येथे रस्ता आणि रान यांतील सीमारेषा कायद्याने आखली आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल, असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात हीच भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद झाली. म्हणूनच स्पर्धेसाठी आमूलाग्र बदललेली गाडी स्पर्धेच्या जागी दुसऱ्या वाहनावर लादून नेणे आणि खासगी आवारातच चालवणे, हा जाणत्यांचा शिरस्ता आहे.

कर्ज काढून घेतलेल्या वाहनाबाबत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. असे वाहन हायपोथिकेशनखाली, म्हणजेच नजरगहाण, असते. ते ग्राहकाच्या ताब्यात असले तरी बँकेच्या कर्जाचे तारण असते. मूळ ॲक्सल, चाके वा सांगाडा कापून टाकला की तारणच बदलते, आणि कर्जाच्या करारनाम्यात बहुधा अशा बदलासाठी बँकेच्या पूर्वसंमतीची अट असते. विमा कंपनीलाही बदल कळवलेला नसेल, तर अपघातानंतरचा दावा अडचणीत येतो. ॲक्सल भंगारवाल्याकडून उचलण्यापूर्वी करारनामा व विमापत्र घेऊन शाखेत एक फेरी मारलेली बरी. आणि गाडी कर्जमुक्त असेल, तरी परिवहन कार्यालयातील नोंदीवरून बँकेचा उल्लेख काढून घेण्याचे काम अनेकांचे राहून गेलेले असते. त्याची सुरुवात त्याच फेरीत करता येते.