अंडी नव्हेत, कोष

गेल्या हिवाळ्यात आपल्या विद्यालयाच्या परसबागेत इयत्ता सातवीचे विद्यार्थी कोबीवरील अळ्या वेचीत होते. एकाने पानाच्या खालच्या बाजूस चिकटलेला, तांदळाच्या कणीएवढा पांढरा कोष दाखविला आणि "सर, किडीचं अंडं!" म्हणत तो चिरडलाही. त्याला दोष कसा देणार? हीच चूक चारशे वर्षांपूर्वी एका थोर विद्वानाने केली होती.

इटलीतील निसर्गाभ्यासक अल्द्रोवांदी यांनी १६०२ मध्ये कोबीवरील अळीजवळ पिवळ्या कोषांचा पुंजका पाहिला आणि तो अंड्यांचा समजला. वास्तविक अळी ही कीटकाची बाल्यावस्था. ती अंडी घालीतच नाही. खरा उलगडा १७०६ मध्ये वालिस्निएरी यांनी केला. ते कोष अळीचे नसून तिला आतून खाणाऱ्या दुसऱ्याच कीटकाचे होते.

हा कीटक गांधीलमाशीच्या कुळातील, परंतु डासाएवढा आणि माणसाला निरुपद्रवी. कोटेशिया हे त्याचे शास्त्रीय नाव. मादी कोवळ्या अळीच्या शरीरात सुईसारख्या अवयवाने अंडी घालते. अंड्यांतून निघालेली पिल्ले अळीच्या शरीरातील द्रवावर पोसतात, मात्र तिची मर्मस्थाने टाळतात. कारण यजमान मेला तर अन्नही संपले. पूर्ण वाढ होताच ती अळीची त्वचा भेदून बाहेर येतात व कोष विणतात. अळी पुढे मरते. पांढऱ्या फुलपाखराच्या एका अळीतून अशी वीसतीस पिल्ले निघतात. आपल्याकडील चौकोनी ठिपक्याच्या पतंगाच्या अळीतून मात्र एकच निघते. तिचाच तो एकटा पांढरा कोष.

१८६० च्या सुमारास हे पांढरे फुलपाखरू युरोपातून उत्तर अमेरिकेत पोहोचले. त्याचा शत्रू मागेच राहिला. म्हणून १८८३ मध्ये चार्ल्स रायली यांनी इंग्लंडहून कोटेशिया मुद्दाम मागवून तेथे सोडली. जैविक कीडनियंत्रणाच्या इतिहासातील हे आरंभीचे पान होय.

जावा बेटावरील हकिगत अधिक बोलकी आहे. चौकोनी ठिपक्याच्या पतंगाविरुद्ध १९५० मध्ये न्यूझीलंडहून दुसरी एक परोपजीवी माशी तेथे आणली गेली. तीनच वर्षांनी, १९५३ मध्ये, त्याच बेटावर हा पतंग डीडीटीला जुमानीत नसल्याचे आढळले. विष पचविण्याची शक्ती किडीने मिळविली. माशी मात्र फवारणीत मरते. मग शेतकरी अधिक फवारतो, आणि ते विष प्रथम फवारणाऱ्या मजुराच्याच अंगावर पडते. त्याला हातमोजे कोण देतो?

यंदा आम्ही कोबीच्या दर पंचवीस ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी लावल्या. पतंग मोहरीकडे अधिक ओढला जातो. गरजेपुरता निंबोळी अर्क फवारला. आणि त्या विद्यार्थ्याने असाच एक कोष काचेच्या बाटलीत, तोंडाला फडके बांधून ठेवला. आठवड्याच्या आत आतून काळी, इवलीशी माशी निघाली. वर्गाने ती पाहिली. नंतर त्याने बाटली कोबीच्या वाफ्यात नेऊन उघडली.