काळ्या मातीतून तांबड्या मातीत

नोकरीची ऑर्डर घरी आली की पेढे वाटले जातात. ऑर्डरवरचे गाव नकाशात शोधायला मात्र दुसरा दिवस उजाडतो. २००३ सालच्या जून महिन्यात आमच्या घरी असेच झाले. शिक्षणसेवक म्हणून नेमणूक झाली ती रत्नागिरी जिल्ह्यात, संगमेश्वर तालुक्यातील एका वाडीवरच्या शाळेत. आम्ही अकोला जिल्ह्यातले, पूर्णा नदीच्या खोऱ्यातले. घरात आम्ही दोघे नवरा-बायको आणि आमची माय. कोकण आम्ही तिघांपैकी एकानेही पाहिले नव्हते.

आमचा भाग खारपाणपट्ट्याचा. माती काळी, कसदार, पण विहिरीचे पाणी खारट. तोंडात घेतले तर थुंकावे लागते. मायचे सारे आयुष्य दुसऱ्याच्या वावरात निंदण आणि कापूस वेचणी करण्यात आणि गोड पाण्यासाठी लांबवर घागरी वाहण्यात गेले. त्यामुळे नेमणुकीचे ठिकाण ऐकून तिलाच जास्त आनंद झाला. ती म्हणाली, "कोकनात तं पान्याची कमी नाही म्हन्तात. मंग काय भेव हाये?"

अकोल्याहून रात्रीची गाडी धरून कल्याण, तिथून दिवा आणि पुढे कोकण रेल्वे. बोगदा संपला की पूल, पूल संपला की बोगदा. संगमेश्वरला उतरलो तेव्हा पाऊस धो धो कोसळत होता. मायने स्टेशनाबाहेर येऊन चहूकडे पाहिले आणि आमचा हात धरून विचारले, "आभाय कुठी गेलं व?" चारी बाजूंनी डोंगर, वर ढग. जन्मभर सपाट वावरात उभी राहिलेली बाई, तिला तो मुलूख झाकण घातलेल्या डब्यासारखा वाटला.

खोली मिळाली, पण कुठे?

पहिले आठ दिवस बाजारपेठेच्या गावात खोली शोधण्यात गेले. घरमालक चांगले बोलत. गुरुजी म्हटले की चहाही पुढे येई. मग गाव कोणते, आडनाव काय, असे विचारून होई आणि खोली एकाएकी पाहुण्यांसाठी राखून ठेवावी लागे. एकाने तर सकाळी घेतलेली आगाऊ रक्कम संध्याकाळी परत केली. मुलूख नवा होता, पण हा प्रश्न आम्हाला नवा नव्हता.

शेवटी शाळेपासून तीन किलोमीटरवरच्या बौद्धवाडीने आम्हाला ठेवून घेतले. एका कुटुंबाने आपली पडवी मोकळी करून दिली. घरातल्या मावशींनी भाडे किती ते सांगितलेच नाही. "आधी चूल पेटू दे, मग बघू," एवढेच म्हणाल्या. जांभ्या दगडाच्या भिंती, उतरते कौलारू छप्पर आणि पावसाच्या बाजूला बांधलेल्या नारळाच्या झावळ्या. त्या झावळ्या कशासाठी, असे आम्ही विचारले तेव्हा सगळे हसले. जुलै लागला आणि आम्हाला उत्तर मिळाले. वाऱ्याबरोबर येणारा पाऊस आडवा असतो, भिंत भिजली की घर भिजते.

वऱ्हाडात वर्षाला सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस पडतो. चार दिवस सूर्य दिसला नाही तर आम्ही 'झड लागली' म्हणतो. इथे तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि तो बहुतेक चार महिन्यांत. कपडे वाळेनात. पेटीतल्या प्रमाणपत्रांना बुरशी आली. मीठ पाझरू लागले. मायने गावाहून वीस किलो ज्वारी आणली होती, तिला जाळे धरले. मायने ती सूप घेऊन तीनदा पाखडली आणि शेवटी शेजारच्या कोंबड्यांना टाकली. त्या दिवशी ती जेवली नाही. "मले अठी गमत नाही. मले गावी नेऊन घाला," असे ती रोज म्हणू लागली.

आमचीही स्थिती फार वेगळी नव्हती. शाळेच्या वाटेवर एक पऱ्या लागायचा, त्यावर लाकडी साकव. एका दुपारी पऱ्याला असे पाणी आले की साकव दिसेना. शाळेत गेलेला माणूस ती रात्र शाळेतच राहिला, आणि इकडे सासू-सुना कंदील घेऊन ओट्यावर बसून राहिल्या. सकाळी पाणी उतरले. घरात पाऊल टाकताच माय म्हणाली, "ही नोकरी सोडून द्या." आम्ही दोघे गप्प राहिलो. परतीचा विचार आमच्याही मनात येऊन गेला होता. पण सोडायची म्हणजे कशासाठी सोडायची? गावी आमच्या नावावर एक गुंठाही जमीन नव्हती.

मावशींची शाळा

त्या पावसात आम्ही मुलांना जितके शिकवले त्याहून अधिक वाडीने आम्हाला शिकवले. मावशी म्हणाल्या, "गुरुजी, इथं अगोट करावी लागते." अगोट म्हणजे पावसाळ्याआधीची बेगमी. मे महिन्यातच लाकूडफाटा भरायचा, मीठ, मिरची, आमसुले, सुकी मासळी डब्यात बंद करायची. कपडे चुलीवरच्या दांडीवर वाळवायचे. महत्त्वाचे कागद प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून चुलीच्या उबेजवळच्या फळीवर ठेवायचे. सुकट मात्र मायला नवी नव्हती. आमच्याकडच्या आठवडी बाजारातही ती मिळते. मावशींच्या घरातल्या सुकटीचा वास आला आणि माय पहिल्यांदा त्यांच्या चुलीपाशी जाऊन बसली.

दुसरा धडा फुरशाचा आणि विंचवाचा. कातळावर, दगडांच्या बांधात हे दोन्ही असतात. काळोखात चपलेशिवाय आणि बॅटरीशिवाय बाहेर पडायचे नाही, लाकडे उचलताना आधी काठीने हलवायची, चावले तर मांत्रिकाकडे न जाता थेट दवाखाना गाठायचा. विंचवाच्या बाबतीत एक माहिती वाचकांना असावी. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने माणसे दगावत. मूळचे जालना जिल्ह्यातले आणि नागपूरला डॉक्टर झालेले हिंमतराव बावस्कर नोकरीनिमित्त रायगड जिल्ह्यात आले. त्यांनी या रुग्णांचा बारकाईने अभ्यास केला आणि प्राझोसिन हे औषध यावर गुणकारी ठरते असे दाखवून दिले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. बाहेरून आलेला माणूस नव्या मुलखाला काय देऊ शकतो, याचे हे मोठे उदाहरण आहे.

तिसरा धडा मातीचा. मायने गावाहून सरकी आणली होती. कोणाला न सांगता तिने ती परसात टोकली. रोपे वीतभर आली आणि पावसात सडून गेली. मावशींनी ते पाहिले, पण त्या हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "आजी, कापूस नाय व्हायचा. तूर हाय काय तुमच्याकडं? तूर बांधावर लावा." भातखाचराच्या बांधावर पाणी थांबत नाही, म्हणून तिथे तूर येते. कोकणातले लोक ती पूर्वीपासून लावतात. मायच्या गाठोड्यात तूर होतीच. डिसेंबरात शेंगा भरल्या तेव्हा तिने पहिली मूठ मावशींच्या पदरात घातली.

पाणी गेले कुठे?

पण खरा धक्का एप्रिलमध्ये बसला. ज्या वाडीत जुलैमध्ये दाराबाहेर पाय ठेवता येत नव्हता, तिथली विहीर तळाला गेली. बायका पहाटे तीनला उठून झऱ्यावर नंबर लावू लागल्या. वाटीने पाणी भरून हंडा पुरा करायला तास लागे. मायने आपली कळशी रांगेत ठेवली आणि म्हणाली, "एवढं पानी पडलं, गेलं कुठी?"

तिच्या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हालाही नवी माहिती झाली. आमच्या वऱ्हाडातील काळी माती आणि कोकणचा तांबडा जांभा, दोन्ही मूळ एकाच काळ्या कातळापासून झाले आहेत. ज्वालामुखीच्या थरांचा तो कातळ विदर्भापासून समुद्रापर्यंत पसरला आहे. कमी पावसाच्या मुलखात तो झिजून काळी चिकण माती झाली. ती पाणी धरून ठेवते, पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. उष्ण आणि भरपूर पावसाच्या मुलखात पावसाने त्यातले बरेच धुऊन नेले आणि लोह व ॲल्युमिनियम मागे राहिले, तो जांभा. त्याचा रंग लोखंडाच्या गंजाचा. जांभ्याला छिद्रे असतात, पाणी त्यातून निघून जाते. शिवाय सह्याद्रीपासून समुद्र जवळ आणि उतार मोठा. नद्या आखूड, पडलेले पाणी बघता बघता खाडीला मिळते.

हे मायला समजावून सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मंग अडवत काहून नाही?" वाडी अडवत होतीच, पण माणसे कमी पडत. तरणी मुले मुंबईला. पुढच्या नोव्हेंबरात पऱ्यावर वनराई बंधारा घालायचे ठरले. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरायची, तोंडे शिवायची आणि प्रवाहात आडव्या रचायच्या. शाळेची मोठी मुले आली, मुंबईचे चाकरमानी दोन दिवस रजा काढून आले. माय गोण्या शिवायला बसली. कापसाची बोंदरी शिवून शिवून तिच्या हाताला दाभणाची सवय होती. तिच्या वेगाला कोणी पुरले नाही. त्या वर्षी पऱ्याचे पाणी मार्चपर्यंत टिकले, विहीरही थोडी उशिरा आटली. टंचाई संपली असे आम्ही म्हणणार नाही. पण रांगेचे दोन महिने सव्वा महिन्यावर आले. गावी नेऊन घाला, हे मायचे म्हणणे त्यानंतर आम्ही ऐकले नाही.

एका सुटीत आम्ही तिला मंडणगड तालुक्यातील आंबडवे येथे नेले. बाबासाहेबांचे ते मूळ गाव. रामजी सुभेदारांचे घराणे इथले, पण बाबासाहेब जन्मले दूर महूला, वडिलांच्या पलटणीच्या नोकरीमुळे. पुढे ते कुटुंब दापोली, सातारा, मुंबई असे फिरत राहिले. परतताना वाटेत महाडला चवदार तळ्याच्या पायरीवर माय बराच वेळ बसली. १९२७ सालचा सत्याग्रह तिला ऐकून माहीत होता. तिने ओंजळीत पाणी घेतले, काही बोलली नाही. पाण्यासाठी जन्म घालवलेल्या बाईला आम्ही काय सांगणार?

परतीची बदली

२००४ साली आमची मुलगी तिथेच जन्मली. ती मावशींच्या अंगणात वाढली, त्यांच्यासारखे हेल काढून बोलू लागली. बाजारपेठेत आम्हाला 'घाटी' म्हणत, आणि दिवाळीत गावी गेलो की भावकी आम्हाला 'कोकणी' म्हणे. दोन्ही नावांची आम्हाला सवय झाली. आंतरजिल्हा बदलीचा अर्ज मात्र आम्ही दर वेळी भरत राहिलो, कारण मायचे वय होत चालले होते. २०१३ साली बदली झाली.

निघायच्या दिवशी वाडी एसटीच्या थांब्यापर्यंत आली. मावशींनी आमसुलांची पिशवी मायच्या हातात दिली. दोघी म्हाताऱ्या एकमेकींशी काहीच बोलल्या नाहीत. अकोल्याला उतरून आम्ही गावच्या गाडीत बसलो. दोन्ही बाजूंना सपाट काळी वावरे, भर उन्हाची वेळ. नऊ वर्षांच्या मुलीने खिडकीतून बराच वेळ पाहिले आणि विचारले, "आजी, इथले डोंगर कुठं गेले?" मायने तिला जवळ घेतले आणि म्हणाली, "थांब बाई, आभाय पाहाले शिक आता."

नोकरीनिमित्त मुलूख सोडणाऱ्या आमच्या भावाबहिणींना अनुभवाने एवढेच सांगावेसे वाटते. नवा मुलूख खिडकीतून पाहून कळत नाही. तिथले लोक पावसाआधी काय करतात, कुठल्या वाटेने जात नाहीत, बांधावर काय लावतात, हे आधी विचारा. सोबत आपल्या गावचे थोडे बियाणे न्या, पण ते कुठे रुजेल हे तिथल्या माणसाला ठरवू द्या. घरात म्हातारे माणूस असेल तर त्याला नुसते बसवून ठेवू नका, हाताला काम द्या. आणि सार्वजनिक कामाला घरातले सगळे जा. आम्हाला त्या वाडीत भाडेकरूंचे शेजारी केले ते बंधाऱ्याने.

मावशींची आमसुले संपून बरीच वर्षे झाली. बरणी मायने अजून मांडणीवरून काढू दिलेली नाही.