बांधाची भेग काय सांगते?

खाण म्हटली म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें खोल विवर आणि खडक फोडणारे मजूर उभे राहतात. परंतु तांबें, सोनें यांसारख्या धातूंच्या खाणींजवळ बहुधा आणखी एक गोष्ट असते. ती म्हणजे मातीच्या बांधानें अडविलेलें गाळाचें तळें. दगड कुटून त्याचें पीठ करितात, त्यांतील धातूचा अंश काढून घेतात आणि उरलेला बारीक चिखल पाण्याबरोबर या तळ्यांत सोडतात. वर्षानुवर्षें तळें भरत जातें व बांध टप्प्याटप्प्यानें उंच करावा लागतो. घरावर मजले चढावेत तसा तो वाढतो. पाया मात्र पहिलाच राहतो.

अशा बांधावर एके सकाळीं भेग दिसली तर काय करावें? चार घमेलीं माती टाकून ती बुजवावी, असें कोणाच्याही मनांत येईल. पण श्रोतेहो, भेग म्हणजे बांधाच्या पोटांतील दुखण्याचें लक्षण होय. निदान होण्यापूर्वीं लक्षण पुसून टाकणें धोक्याचें आहे.

सर्व भेगा सारख्या नसतात. उन्हाळ्यांत आपल्या काळ्या जमिनीला जाळीसारख्या भेगा पडतात, त्या माती वाळून आंखडल्यामुळें. बांधावरही तशा पडतात व त्या बहुधा उथळ असतात. बांधाला आडवी छेदून जाणारी भेग निराळी. पायाचा एक भाग अधिक खचला व शेजारचा कमी खचला म्हणजे ती पडते. तिच्यांतून पाण्याला वाट मिळाली तर तें मातीचे कण वाहून नेतें आणि वाट रुंदावत जाते. तिसरी भेग बांधाच्या माथ्याला समांतर धांवते. तिचीं टोकें कमानीसारखीं उताराकडे वळलेलीं असलीं, तिची एक कड दुसरीपेक्षां खालीं बसली असली आणि पायथ्याची जमीन फुगून वर आली असली, तर बांधाचा तो भाग घसरूं लागला आहे असें समजावें. तेथें वेळ दवडतां येत नाहीं. प्रथम खालचीं माणसें हलवावीं.

शोध घेण्याची रीत समजण्यास सोपी आहे. भेगेच्या दोन्ही बाजूंस खुंट्या ठोकून त्यांतील अंतर ठराविक वेळानें मोजतात व तारीखवार लिहून ठेवितात. भेग स्थिर आहे कीं वाढत आहे, हें त्यावरून कळतें. ती कोठवर खोल गेली आहे हें पाहण्यासाठीं तिच्यांत चुन्याचें कालवण ओततात आणि जाणत्याच्या देखरेखीखालीं शेजारीं चर खणतात. मातींत पांढरी रेघ जेथवर दिसते, तेथवर भेग. बांधांत बसविलेल्या नळ्यांतून आंतील पाण्याची पातळी व दाब पाहतात. पायथ्याशीं झिरपणारें पाणी स्वच्छ आहे कीं गढूळ, हेंही पाहतात. गढूळ पाणी बांधाची माती घेऊन येत असतें. तपास चालू असतां तळ्याची पातळी उतरवितात व पावसाचें पाणी भेगेंत शिरूं नये म्हणून ती झांकतात.

ऑस्ट्रेलियांतील न्यू साउथ वेल्स प्रांतांत कॅडिया नांवाची सोन्यातांब्याची खाण आहे. तेथें ९ मार्च २०१८ रोजीं उत्तरेकडील बांधावर भेगा दिसल्या. खाणीच्या चालकांनीं माणसें बाहेर काढलीं. त्याच दिवशीं संध्याकाळीं बांधाचा मोठा भाग घसरला व चिखल खालच्या दुसऱ्या तळ्यांत उतरला. कोणालाही इजा झाली नाहीं. आदल्या दिवशीं त्या भागांत दोन लहान भूकंप झाले होते. त्यामुळें दोष त्यांच्या माथीं मारणें सोपें होतें. परंतु तज्ज्ञांच्या मंडळानें चौकशी केली, तेव्हां पायाखालीं पूर्वीं न ओळखलेला विरळ व दुबळा थर आढळला. भेग माथ्यावर दिसली. दुखणें पायांत होतें.

याची दुसरी बाजूही ध्यानांत ठेविली पाहिजे. ब्राझीलमधील ब्रुमाडिन्यो येथें २५ जानेवारी २०१९ रोजीं लोखंडाच्या खाणीचा बांध फुटला व सुमारें २७० माणसें चिखलाखालीं मेलीं. त्या बांधानें डोळ्यांना दिसेल अशी ठळक सूचना आधीं दिली नव्हती. म्हणून भेग नाहीं एवढ्यावरून बांध धड आहे असें मानूं नये. नळ्यांची व मोजमापाची वही रोज भरलीच पाहिजे.

जेथें भेग दिसते, तेथें निसर्गानें आपल्याला थोडी सवड दिलेली असते. ती किती आहे हें कोणी सांगूं शकत नाहीं. बांधावर फेरी घालणारा साधा पहारेकरीही ती प्रथम पाहूं शकतो. त्यानें सांगितलेली गोष्ट वरिष्ठांनीं त्याच दिवशीं ऐकून घेतली, तर खालच्या वस्तीला त्या सवडीचा उपयोग होतो.