लोहाराचा भाता आणि आपला वर्ग



"अभ्यास कर, नाहीतर घण मारायला जावं लागेल!" हे वाक्य आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी ऐकलेलं आहे. कुणाच्या घरी घणाऐवजी औत असतं, कुणाच्या घरी गुरं राखणं असतं. अर्थ मात्र एकच, की हाताने करायचं काम म्हणजे न शिकल्याची शिक्षा. आजच्या लेखात आपण या धमकीकडे जरा नीट बघणार आहोत. त्यासाठी लोहारकाम घेतलं आहे. जुन्नर-आंबेगावातल्या शेतकऱ्याच्या घरात विळा, खुरपं, कोयता नाही असं सहसा होत नाही. पण ही वस्तू बनते कशी, असं वर्गात विचारलं तर मुलं एकमेकांकडे बघतात.

गावगाड्यातला लोहार

बारा बलुतेदार हा विषय आपण परिसर अभ्यासात आणि इतिहासात शिकवतो. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गावगाडा' या पुस्तकात जुन्या गावाचा हा कारभार सविस्तर मांडला आहे. लोहाराने वर्षभर शेतकऱ्याची अवजारं करून द्यायची, मोडलेली सांधायची, बोथट झालेल्या फाळाला टोक काढून द्यायचं. रोख पैसे मिळत नसत. सुगी झाली की खळ्यावर धान्याचा वाटा मिळायचा, तेच बलुतं. लोहार-सुतारांशिवाय शेतीचं पान हलत नसे, म्हणून बलुतेदारांमध्ये त्यांची गणना पहिल्या ओळीत होई.

हे शिकवताना दुसरी बाजूही सांगायला हवी. लोहाराच्या मुलाने लोहारच व्हायचं, मग त्याला आवड असो वा नसो. दुसऱ्याच्या मुलाला कितीही आवड असली तरी ते काम त्याचं नाही. कामाचं मोल ठरवणं लोहाराच्या हातात फारसं नसे आणि दुष्काळ पडला की खळंच रिकामं. "पूर्वी गाव किती एकोप्याने राहायचं" एवढंच सांगून आपण थांबलो तर धडा अर्धाच झाला.

गावाबाहेर पाल ठोकून राहणारे घिसाडी म्हणजे फिरते लोहारही आपल्याकडे येतात. त्यांच्यात पुरुष सांडशीत लोखंड धरून बसतो आणि बाई उभी राहून घण घालते, हे दृश्य अनेकांनी पाहिलं असेल. बायकांची कामं वेगळी आणि पुरुषांची वेगळी, असं म्हणणाऱ्या मुलांना हे जरूर दाखवा. आणि त्या पालावरची मुलं शाळेत येतात का, हेही आपणच बघायचं आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे त्यांना वयानुसार वर्गात प्रवेश मिळायला हवा.

आता काय उरलं आहे?

ट्रॅक्टर आला आणि लाकडी नांगर गेला, त्याबरोबर फाळाचं काम गेलं. तयार अवजारं दुकानात आणि आठवडे बाजारात मिळू लागली. बरीच दुरुस्ती वेल्डिंगच्या दुकानात होते. पण हाताची अवजारं गेलेली नाहीत. पश्चिमेला भीमाशंकर आणि नाणेघाटाच्या बाजूला भाताची कापणी विळ्याने होते. पूर्वेला डिंभे, येडगाव अशा धरणांच्या पाण्यावर ऊस आणि कांदा आहे. ऊसतोडीला कोयता लागतो, कांदा खुरपायला खुरपं लागतं. म्हणजे वस्तू रोज हातात आहे, फक्त ती करणारा माणूस नजरेआड झाला आहे.

आवडीने भाता चालवणारे आबा

आमच्या शाळेजवळच्या वस्तीवर एक आबा राहतात. ते लोहार समाजातले नाहीत आणि लोहारकाम हा त्यांचा धंदाही नाही. कांदा-बाजरी करणारे शेतकरी. तरुणपणी फाळ घेऊन गावच्या लोहाराकडे जायचे, आपला नंबर येईपर्यंत भाता ओढायला बसायचे आणि बघून बघून शिकले. आता गोठ्याच्या कडेला त्यांची छोटी भट्टी आहे. पेरणी-काढणीच्या घाईत ती बंद असते, काम सरलं की पेटते. पाचवीची मुलं घेऊन मी तिथे गेलो, तेव्हा मुलांनी विचारलेले प्रश्न आणि आबांची उत्तरं लिहून ठेवली.

एका मुलीने विचारलं, "आबा, खुरपं बाजारात स्वस्त मिळतं. मग तुम्ही करता कशाला?"

आबा म्हणाले, "मीपण बाजारातनं आणतो की. टिकाव, पहार विकतचीच हाये. पण माझी थोरली सून डावखुरी. बाजारातल्या खुरप्याचा बाक तिच्या हाताला बसत न्हाई. तिच्यापुरतं उलट्या बाकाचं करून दिलं. आता ती दुसरं खुरपं हातात धरत न्हाई."

दुसऱ्याने विचारलं, "पहिल्यांदा केलं तेव्हा जमलं का?"

"कुठलं! माझं पहिलं खुरपं तिसऱ्या दिवशी वाकलं. लोहारबाबांकडं घेऊन गेलो. ते म्हणाले, पाणी बरोबर दिलंस, पण लोखंडच मऊ घेतलंस. आधी माल ओळखायला शीक."

मग मी विचारलं, "आबा, शेतीच्या रगाड्यात हे सुचतं कसं?" त्यावर त्यांनी दिलेलं उत्तर मुलांपेक्षा मोठ्यांनी ऐकण्यासारखं आहे. "गुरुजी, शेतात पाऊस माझं ऐकत न्हाई, कांद्याचा भाव माझं ऐकत न्हाई. हिथं चूक झाली तर माझीच असती. अन् ती परत तापवून सुधारता येती."

रंगावरून ताप ओळखणं

आबांची भट्टी झापाच्या सावलीत आहे. "उन्हात का नाही?" असा प्रश्न मुलांना विचारून बघा. उत्तर सोपं आहे. लोहाराकडे तापमापक नसतो, तो तापलेल्या लोखंडाच्या रंगावरून ताप ओळखतो आणि भर उन्हात तो रंग नीट दिसत नाही.

लोखंड साधारण ६०० अंश सेल्सिअसला काळपट लाल दिसतं. ७५० ते ८०० अंशांच्या आसपास ते चांगलं लाल होतं, ९५० च्या पुढे नारिंगी आणि ११०० च्या सुमारास पिवळं. पिवळं-नारिंगी असताना ते मऊ असतं, तेव्हा घण घालून आकार द्यायचा. पुन्हा काळपट झालं की ठोकणं थांबवून परत भट्टीत. पांढरं होऊन ठिणग्या उडू लागल्या तर समजायचं की लोखंड जळायला लागलं.

आता आबांच्या "माल ओळखायला शीक" याचा अर्थ बघू. साध्या, मऊ लोखंडात कार्बन फार कमी असतो. ट्रकच्या जुन्या पाट्याच्या पोलादात तो साधारण अर्धा ते पाऊण टक्का असतो, म्हणजे एक किलो पोलादात पाच ते साडेसात ग्रॅम. एवढ्याशा कार्बनमुळे फरक पडतो. असं पोलाद लाल करून पटकन पाण्यात बुडवलं की कार्बनला सुटायला वेळ मिळत नाही, तो आतल्या रचनेत अडकतो आणि धार कडक होते. यालाच 'पाणी देणे' म्हणतात. मऊ लोखंडात अडकायला पुरेसा कार्बनच नसतो, म्हणून पाणी देऊनही आबांचं पहिलं खुरपं वाकलं.

नुसतं पाणी देऊन भागत नाही. कडक झालेली धार ठिसूळही होते आणि दगडावर लागली तर तिचा तुकडा उडतो. म्हणून ती घासून चकचकीत करतात आणि पुन्हा हलकीशी तापवतात. साधारण २२० अंशांना धारेवर गवती पिवळा रंग येतो, ३०० च्या आसपास निळा. जेवढं पुढे जाल तेवढा कडकपणा कमी आणि चिवटपणा जास्त. कोणत्या अवजाराला कुठे थांबायचं, हे लोहार अनुभवाने ठरवतो. न शिकलेल्या माणसाचं काम असं ज्याला आपण म्हणतो, त्यात एवढं निरीक्षण आणि एवढा निर्णय भरलेला आहे.

धावेचं गणित

बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी पट्टी असायची, तिला धाव म्हणतात. धाव चाकापेक्षा किंचित लहान करायची, तापवून मोठी करायची, चाकावर चढवायची आणि पाणी ओतायचं. थंड होताना ती आकसते आणि सगळं चाक घट्ट आवळून धरते. त्याला ना खिळा लागे ना डिंक.

सहावी-सातवीला याचं छान उदाहरण होतं. चाकाचा व्यास १.५ मीटर धरा, म्हणजे परीघ सुमारे ४.७ मीटर. १ मीटर लोखंड १ अंशाने तापलं की साधारण ०.०१२ मिलिमीटर वाढतं. ५०० अंशांनी तापवलं तर दर मीटरला ६ मिलिमीटर, आणि सगळ्या धावेला सुमारे २८ मिलिमीटर. म्हणजे पावणेतीन सेंटिमीटरपेक्षा थोडं जास्त! लोहाराने हे सूत्र पाहिलेलं नसेल, पण धाव किती लहान ठेवायची हे त्याला माहीत होतं. परीघ, दशांश अपूर्णांक आणि उष्णतेने होणारं प्रसरण हे तिन्ही घटक एकाच चाकावर शिकवून होतात.

हा विचार नवा नाही

हाताने काम करत शिकावं, असं महात्मा गांधींनी १९३७ मध्ये वर्धा इथल्या शिक्षण परिषदेत मांडलं, त्यालाच आपण नई तालीम म्हणतो. आपल्या शेजारच्या शिरूर तालुक्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेत पीएच.डी. करून आलेला हा शास्त्रज्ञ खेड्यात येऊन राहिला. तिथे अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य असे चार विभाग आहेत. मुलं वेल्डिंग करता करता मोजमाप शिकतात, कोंबड्या पाळता पाळता हिशोब शिकतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवून स्थानिक कारागिरांकडे शिकण्याची सूचना आहे. म्हणजे भट्टीवर मुलांना नेणं ही सहल नाही, ती आपल्या कामाचाच भाग आहे.

पालकांसाठी आणखी एक माहिती. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय आहेत आणि त्यात लोहारकाम आहे. प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते. गावातल्या कारागिराला हे माहीत नसेल तर सांगा, अर्ज भरायला मदत करा.

वर्गात काय करता येईल?

१. घरातल्या लोखंडी अवजारांची यादी करायला सांगा. नाव, उपयोग, कुणी केलं, किती वर्षं वापरात आहे असे चार रकाने. आजी-आजोबांना विचारल्याशिवाय तक्ता पूर्ण होत नाही, हा त्यातला फायदा.

२. भाषेच्या तासाला शब्द गोळा करा. भाता, ऐरण, घण, सांडशी, छन्नी, कानस. मग 'प्रश्न ऐरणीवर येणे', 'घणाघाती भाषण', 'पाणीदार', 'बोथट होणे' हे शब्दप्रयोग कुठून आले ते मुलांनाच शोधू द्या.

३. निबंधाला 'लोहार' हा विषय देऊ नका, मुलं गाइडमधला उतारा लिहितात. 'आमच्या घरातला विळा' द्या.

४. भट्टीवर जाताना मुलांना सुती कपडे आणि पायात बूट असू द्या. भट्टीपासून पुरेसं अंतर ठेवा. घण पडला की तापलेली पापडी उडते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, लोखंड काळं दिसतं म्हणजे थंड आहे असं नाही. ४०० अंशांचं लोखंडही काळंच दिसतं. कुणीही काहीही उचलायचं नाही, हे निघण्याआधीच सांगा.

५. कारागिराला वर्गात बोलवाल तेव्हा इतर पाहुण्यांसारखंच खुर्ची, नारळ आणि शक्य असेल तर मानधन द्या. वर्गात लोहार घरातलं मूल असेल तर त्याला उभं करून "हा लोहाराचा" असं म्हणू नका. सांगायचं की नाही, ते त्याला ठरवू द्या.

आणि पालकहो, तुमच्या मुलाला पुढे डॉक्टर करा, इंजिनिअर करा, शिकेल तेवढं शिकवा. आबांची भट्टी बघितलेलं मूल लोहारच होईल असं नाही. पण घण मारण्याची धमकी देणं तेवढं सोडा. त्या धमकीने अभ्यास वाढत नाही. उलट, शेजारच्या बाकावर बसलेल्या ज्या मुलाचा बाप खरोखर घण मारतो, त्याची मान मात्र खाली जाते.