पाण्यात उभी असलेली राई

मये, डिचोलीकडील कुळागरांत जायफळाचे झाड म्हणजे काही नवलाई नव्हे. सणासुदीच्या गोडाधोडात ते किसून पडते, तान्ह्या मुलाला आजी ते उगाळून चाटविते. तथापि ह्या झाडाचा मूळ देश दूर पूर्वेच्या समुद्रातील बांदा बेटे होत. सावंतवाडीजवळचे बांदा ते नव्हे! आपल्या सह्याद्रीतही जायफळाचे सगेसोयरे आहेत. ते रानात राहतात, त्यांना बाजारभाव नाही, आणि म्हणूनच की काय, त्यांची ओळख फारच थोड्यांना आहे.

डिचोलीला लागूनच सत्तरी तालुका आहे. तेथे बांबर येथे ‘निरंकाराची राय’ नावाची देवराई आहे. गोड्या पाण्याच्या ओहळाने भूमी बारमाही भिजलेली, वर गर्द सावली, आणि त्या चिखलात रानजायफळाच्या कुळातील उंच वृक्ष, असे तिचे रूप. अशा राईची शास्त्रीय नोंद भारतात प्रथम 1960 साली त्रावणकोरच्या अरण्यांतून कृष्णमूर्ती ह्यांनी केली.

पाण्याने गच्च भरलेल्या मातीत हवा खेळत नाही. सामान्य झाडाची मुळे तेथे गुदमरून कुजतात. परंतु ह्या कुळातील काही वृक्षांची मुळे गुडघा वर करावा तशी चिखलातून बाहेर डोकावतात व हवा घेऊन पुन्हा खाली जातात. त्यांचेच भाऊबंद असलेले ‘मिरिस्टिका मॅग्निफिका’ हे झाड खोडापासून तिरपी मुळे सोडते आणि जणू तिवईवर उभे राहते. हा वृक्ष आज जगातील संकटग्रस्त वनस्पतींत गणला जातो.

त्याचे दुखणे मुख्यतः पाण्याचे आहे. कुऱ्हाड लागली तर ती डोळ्यांना दिसते. पण ओहळाला पाट काढून पाणी सुपारीच्या बागेकडे किंवा भातखाचरात वळविले, तर राई उभ्या उभ्या वाळू लागते आणि कोणाच्या ते ध्यानीही येत नाही. दक्षिणेकडील कित्येक पाणथळी अशाच बागाईत बुडाल्या. बागायतदाराला तरी दोष कसा द्यावा? त्यालाही उन्हाळ्यात पाणी हवेच असते.

बियांचीही अडचण आहे. धान्यासारखे ते वाळवून कणगीत ठेवता येत नाही. सुकले की मेले. लाल जायपत्रीने वेढलेले बी धनेशासारखे पक्षी दूर नेतात खरे, पण पडल्या ठिकाणी ओल व सावली नसेल तर ते रुजत नाही. शिवाय नर व मादी झाडे निराळी. राई लहान होत गेली आणि नर झाडे संपली, की मादी कितीही फुलली तरी फळ धरणार नाही.

महाराष्ट्रात दोडामार्ग तालुक्यातील हेवाळे-बांबर्डे येथेही हाच वृक्ष भालांदेश्वराच्या देवराईत टिकून राहिला. ती राई जेमतेम अडीच हेक्टरांची; राज्य शासनाने तिला जैवविविधता वारसा स्थळाचा मान दिला आहे. दोन्ही ठिकाणी देवाच्या भयाने झाडे वाचली. मात्र राईच्या सीमेवर थांबणारे ते भय वरच्या अंगाच्या ओहळाला राखील, असे नाही. तेथल्या पाण्याचा वाटा राईसाठी गावानेच ठरवून सोडावा लागेल.