जयंतीचा केक : वर काय घालाल?



१३ एप्रिलच्या रात्री बारा वाजता आता वस्तीवस्तीत केक कापला जातो. बाबासाहेबांची जयंती म्हणजे आपला सर्वांत मोठा सण, तो गोड व्हायलाच हवा. पण आरोग्य तपासणीला आम्ही वस्तीत जातो, तेव्हा घराघरांतून "शुगर निघाली" हे ऐकू येते. खुद्द बाबासाहेबांनाही मधुमेहाने छळले होते. म्हणून केक बंद करा असे आम्ही म्हणत नाही. त्याच्या वर काय घालायचे, एवढे मात्र आपण ठरवू या.

बेकरीच्या स्वस्त केकवरची क्रीम बहुधा दुधाची नसते. वनस्पती चरबी, साखर आणि रंग यांचा तो फेस असतो. निळ्या क्रीमने मुलांच्या जिभा निळ्या होतात, पोटात मात्र साखरच जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे मोठ्या माणसाने वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवली तर उत्तम. म्हणजे साधारण पाच-सहा चमचे. दोन-दोन चमचे साखरेचा तीन वेळा चहा घेतला की तेवढी संपली!

रव्याचा किंवा गव्हाच्या पिठाचा साधा केक आपल्या घरी कुकरमध्ये होतोच. तो जरा कोरडा लागतो, म्हणून वर हे घाला :

१) कैरीचा गोड रस : एक मध्यम कैरी स्टीलच्या भांड्यात ठेवून कुकरला उकडा. साल काढून गर गाळून घ्या. वाटीभर गराला अर्धी वाटी गूळ, चिमूटभर मीठ आणि वेलची घालून मंद आचेवर पाच मिनिटे ढवळा. आंबट पदार्थ ॲल्युमिनियमच्या भांड्यात शिजवू नका. प्रत्येक तुकड्यावर एक चमचा पुरे.

२) खजूर-शेंगदाणा : बिया काढलेले १२-१५ खजूर अर्धी वाटी गरम दुधात अर्धा तास भिजवून वाटा. त्यात दोन चमचे भाजलेल्या शेंगदाण्याचे बारीक कूट मिसळा. वेगळी साखर लागत नाही.

३) चक्का आणि फळे : अर्धा लिटर ताजे दही स्वच्छ फडक्यात तीन-चार तास टांगा. चक्क्यात एक पिकलेले केळे कुस्करून केकवर पसरा. वरून द्राक्षे, चिकू, डाळिंबाचे दाणे घाला. केक पूर्ण थंड झाल्यावर, कापायच्या आधीच हा थर लावा. एप्रिलच्या उकाड्यात तो दोन तासांत संपवा, सकाळपर्यंत बाहेर ठेवू नका.

निळा रंग हवाच ना? ताटाखाली निळा कागद घाला, शेजारी निळा झेंडा लावा.

आता महत्त्वाचे. "गूळ शुगरवाल्यांना चालतो" असे अनेकजण सांगतात. ऐकीव गोष्ट पारखल्याशिवाय मानू नका, हे तथागतांनी कालामांना सांगितले. पारखून पाहा : गुळानेही रक्तातली साखर वाढते, खजुरानेही वाढते. गुळात थोडे लोह असते, पण त्याने ॲनिमिया बरा होत नाही. त्यासाठी दिलेल्या गोळ्या घ्याव्याच लागतात.

मधुमेह असेल तर जेवणानंतर दोन बोटांएवढा तुकडा, वर चक्का आणि फळाची एखादी फोड, एवढेच घ्या. केक खायचा म्हणून जेवण टाळू नका आणि मनाने जादा गोळी किंवा इन्सुलिन घेऊ नका. उपाशीपोटी औषधाने साखर एकदम उतरून चक्कर येऊ शकते.

एक वर्षाच्या आतील बाळाला मध चाटवू नका. पाच वर्षांखालील मुलांना अख्खे शेंगदाणे किंवा अख्खी द्राक्षे देऊ नका, घशात अडकतात. शेंगदाण्याचे कूट करा, द्राक्षे उभी चिरा. शेंगदाणा सोसत नसेल त्यांच्यासाठी तो न घातलेला भाग वेगळा ठेवा.

यंदा महिला मंडळांनी विहारात दोन-तीन साधे केक करावेत. कैरी एकीने आणावी, दही दुसरीने लावावे. एका बेकरी केकच्या पैशात सगळ्या गल्लीला पुरेल, आणि "मला शुगर आहे" म्हणून कुणा आजीला बाजूला बसावे लागणार नाही.