लपलेला मासा आजारी नसतो

दिवाणखान्याच्या कोपऱ्यात माशांची काचेची टाकी ठेवण्याची हौस आता तालुक्याच्या गावांतही चांगलीच रुजली आहे. गप्पी, मॉली यांसारखे मासे आणले की लगेच समोर येऊन खाऊ लागतात. पण सर्वच मासे अशा मोकळ्या स्वभावाचे नसतात. 'कूली लोच' हा त्यांपैकीच एक. पाण्यात सोडताच तो वाळूत शिरतो आणि पुढे चार-चार दिवस दर्शन देत नाही. मग घरच्यांचा जीव टांगणीला लागतो. मासा मेला की काय, म्हणून कोणी वाळू उकरून पाहतो, तर कोणी औषधाची बाटली आणून पाण्यात ओततो. रोग नसताना औषध घेऊ नये, हे आपण माणसांच्या बाबतीत जाणतो. माशांनाही तोच नियम लागू आहे.

हा मासा आहे तरी कसा?

कूली लोच मूळचा आग्नेय आशियातील. जावा बेटावर काम करताना १८२१ साली मरण पावलेले जर्मन निसर्ग-अभ्यासक हाइनरिश कूल यांच्यावरून त्याला हे नाव मिळाले. करंगळीपेक्षाही बारीक, तीन-चार इंच लांब, पिवळसर अंगावर काळपट पट्टे आणि तोंडाशी इवल्या मिशा, असे त्याचे रूप असते. पालापाचोळा साचलेल्या संथ ओढ्यांच्या तळाशी तो राहतो. याच कुळातील एक मासा आपल्या सह्याद्रीच्या पट्ट्यातही आहे. १९७२ साली त्याची शास्त्रीय नोंद झाली. गोव्यावरून नाव पडलेला हा मासा आज 'पँजिओ गोआएन्सिस' म्हणून ओळखला जातो.

कूली लोच दिवसा लपतो आणि रात्री अन्न शोधायला निघतो. वाळूत वावरताना इजा होऊ नये म्हणून त्याच्या डोळ्यांवर पारदर्शक त्वचेचे आवरण असते. तेव्हा लपणे हा त्याचा आजार नसून स्वभाव आहे. नव्या जागी आल्यावर एक-दोन आठवडे तो फारसा दिसला नाही, तरी काळजीचे कारण नाही.

आधी टाकी, मग मासा

नवे मासे दगावतात ते बहुधा पाण्यामुळे. माशांची विष्ठा आणि उरलेले अन्न कुजून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो माशांच्या कल्ल्यांना अत्यंत घातक असतो. काही उपयुक्त जिवाणू या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच अंशी निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. विनोग्रादस्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास हे जिवाणू वेगळे करून दाखवले. नव्या टाकीत ते जवळजवळ नसतात. फिल्टरच्या स्पंजवर त्यांची पुरेशी वाढ व्हायला चार ते सहा आठवडे लागतात.

म्हणून टाकी भरून फिल्टर सुरू करावा आणि रोज माशांच्या अन्नाची चिमूट टाकत महिना-दीड महिना थांबावे. ओळखीच्या घरी जुनी, निरोगी टाकी असेल, तर तिच्या फिल्टरमधील स्पंजचा तुकडा मागून आणावा. त्याने काम लवकर होते. शक्य असल्यास अमोनिया तपासण्याचा संचही घ्यावा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्याशिवाय मासे आणू नयेत.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. ते पाणी बादलीत चोवीस तास उघडे ठेवून मगच वापरावे. पुढे दर आठवड्याला साधारण पाव हिस्सा पाणी बदलावे. सगळे पाणी एकदम काढून टाकी घासून धुण्याची सवय मात्र सोडावी. त्यात उपयुक्त जिवाणूही जातात.

मऊ वाळू आणि आडोसा

टोकदार रंगीत खडी या माशाच्या कामाची नाही. तो तोंडात वाळू घेऊन त्यातले अन्नकण वेचतो आणि उरलेली वाळू कल्ल्यांतून बाहेर टाकतो. खडीने त्याच्या मिशा आणि पोट सोलवटते. नदीची बारीक वाळू चाळून, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवावी आणि दीड-दोन इंचांचा थर द्यावा. आडोशाला उकळून घेतलेली नारळाची करवंटी, मातीचे लहान मडके किंवा देशी बदामाची वाळलेली पाने चालतात.

लपायला जागा दिली तर मासा दिसणारच नाही, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात उलट घडते. आडोसा जवळ आहे याची खात्री पटली की तो अधिक धीटपणे बाहेर येतो. एकटा मासाही बिचकून राहतो. पाच-सहा मासे एकत्र ठेवावेत. ऑस्करसारखे मोठे मासे मात्र त्याला गिळून टाकतात.

फिल्टरच्या तोंडावर स्पंज बसवावा, नाहीतर हा बारीक मासा आत शिरून अडकतो. झाकणातही फट ठेवू नये. तो उडी मारून बाहेर पडतो.

पहिली रात्र

मासे घरी आणल्यावर पिशवी वीस मिनिटे टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवावी. मग तासाभरात थोडे थोडे टाकीतील पाणी पिशवीत घालत जावे. बोअरचे जड पाणी असेल, तर याला अधिक वेळ द्यावा. माशाच्या डोळ्याखाली बारीक काटा असतो. तो जाळीत अडकतो, म्हणून मासा वाटीने अलगद उचलून सोडावा. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये.

त्या रात्री दिवा बंद ठेवावा. दुसऱ्या दिवसापासून दिवा मालवल्यावर तळाशी बुडणारे अन्न अगदी थोडे टाकावे आणि सकाळी उरलेले काढून टाकावे. काचेवर टिचक्या मारणे, करवंटी उचलून पाहणे हे मुलांना आवर्जून टाळायला सांगावे. अन्न रोज संपत असेल, तर मासा ठीक आहे असे समजावे.

खरा आजार कसा ओळखावा?

कल्ले भराभर हलणे, पृष्ठभागाशी येऊन सतत धापा टाकणे, अंगावर मिठासारखे पांढरे ठिपके, खपाटीला गेलेले पोट ही आजाराची लक्षणे होत. धापा दिसल्या तर औषधाआधी पाणी तपासावे आणि पाव हिस्सा बदलावे. या माशाचे खवले अतिशय लहान असल्याने मॅलाकाइट ग्रीन किंवा तांबेयुक्त औषधे त्याला लवकर बाधतात. जाणकाराच्या सल्ल्याशिवाय ती वापरू नयेत.

आपलेही हात जपावेत

टाकीतील पाण्यात 'मायकोबॅक्टेरियम मरिनम' हा क्षयाच्या जंतूचा भाऊबंद असू शकतो. १९२६ साली तो प्रथम माशांमध्ये आढळला. हाताला जखम असताना टाकी साफ केली, तर तो त्वचेत शिरतो. दोन-चार आठवड्यांनी, कधी त्याहूनही उशिरा, बोटावर किंवा हातावर लालसर गाठ येते आणि नेहमीच्या मलमांनी ती बरी होत नाही. हा आजार एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही आणि औषधांनी बरा होतो, मात्र उपचार काही महिने चालतात. अशी गाठ आल्यास घरी माशांची टाकी आहे, हे डॉक्टरांना आठवणीने सांगावे. तेवढ्या एका माहितीने निदान लवकर होते.

म्हणून जखम असल्यास रबरी हातमोजे घालावेत आणि काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत. नळीने पाणी काढताना ते तोंडाने ओढू नये. नळी पाण्याने भरून, टोकावर बोट धरून सोडली की झाले. पाण्यात हात घालण्यापूर्वी पंप, दिवा आणि हीटर यांचे प्लग काढावेत.

मासे नकोसे झाले, तर त्यांना ओढ्यात किंवा विहिरीत सोडू नये. दुकानदाराला परत द्यावेत किंवा दुसऱ्या हौशी माणसाकडे सोपवावेत. नीट निगा राखली तर हा मासा अनेक वर्षे जगतो. त्याला पाहायचे असेल, तर रात्री खोलीतले दिवे मालवून टाकीसमोर शांत बसावे. तो बाहेर येतो, पण त्याच्या सवडीने.